ज्वारीची बियर

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. तब्येत, थंडी, नळाचं पाणी असं सगळं विचारून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाबा, तुमी अजून बियर पिता ना?"

मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. तिथल्या एका सहकाऱ्याबरोबर महिन्यातून एकदा एक बाटली अर्धी-अर्धी करून प्यायची सवय लागली होती. निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला घर घेतलं, तो सहकारीही जवळच राहायला आला, आणि सवय चालू राहिली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. मुलानं असं सरळ पहिल्यांदाच विचारलं.

"काहून?" मी म्हटलं.

"मी तीन बाटल्या घेऊन येऊन राहिलो. तुमी चव घ्या अन् सांगा कशा हायेत. मार्क द्यायचे हायेत."

मुलगा पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या एका मित्रानं शहराबाहेर बियरचा लहानसा कारखाना टाकला आहे. नेहमीची बियर जवापासून बनते. जवात आणि गव्हात ग्लुटेन असतं, आणि ते माझ्या मुलाला चालत नाही. थोडंसं पोटात गेलं तरी आतडी आतून खराब होतात आणि मग काहीही खाल्लं तरी ते अंगी लागत नाही. असे आणखी पुष्कळ लोक असतात हे मला त्याच्यामुळंच कळलं. त्यांना पिता यावी म्हणून हे दोघं ज्वारीची बियर करून बघत होते.

"पुण्यात बियर समजणारे काय कमी हायेत का?"

"हायेत ना. पण त्यायनं ज्वारी खाल्लेली नाई. अन् मले खरी बियर कशी लागते ते आता आठवत नाई बाबा, नऊ वर्सं झाली सोडून. तुमी दोन्ही ओळखता."

मी ये म्हटलं. फोन ठेवल्यावर बायकोनं आतून विचारलं, "काय म्हणत होता?"

"येऊन राहिला," मी म्हटलं. बियरचं सांगितलं नाही.

ज्वारी मी ओळखतो, यात शंका नाही. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात आणि मजुरी ज्वारीत मिळे. मिळे ती बहुधा पावसात सापडून काळी पडलेली. तिची भाकर करड्या रंगाची व्हायची आणि तिला भिजलेल्या पोत्याचा वास यायचा. पोळी आम्ही खायचो ती दुसऱ्यांच्या लग्नात, शेवटच्या पंगतीत, तीही बाहेर बसून. मला रेल्वेत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, लग्न झालं, आणि घर मांडल्यावर मी पहिलं काम काय केलं तर घरातून ज्वारी बंद केली. नव्या बायकोला सांगितलं, "आपल्या घरी पोळीच होईन. भाकर मले ताटात दिसली नाई पायजे." ती खेड्यातून आलेली, तिला पोळ्या नीट लाटता येत नव्हत्या. शेजारच्या बाईकडून ती शिकली. बाजारातून गव्हाचं पोतं हातगाडीवर घालून आणताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, सगळ्या क्वार्टरांसमोरून यायचो. लोकांनी बघावं असं वाटायचं.

लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. तिच्यानंतर चार वर्षांनी हा मुलगा.

मुलगी अंगावर पीत होती तोवर चांगली गुटगुटीत होती. आम्ही तिला दुधात पोळी कुस्करून द्यायला लागलो आणि हळूहळू तिचं बिघडत गेलं. पोट फुगून पुढं आलेलं आणि हातपाय काड्यांसारखे. दिवसातून चार-पाच वेळा परसाकडं व्हायची, आणि त्याला इतका घाण वास यायचा की शेजारी दार लावून घ्यायचे. सारखी किरकिर करायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पोरीला चांगलंचुंगलं खाऊ घाला, असं जो तो सांगायचा. चांगलंचुंगलं म्हणजे माझ्या डोक्यात एकच होतं. ड्यूटीवरून आल्यावर मी स्वतः समोर बसून तिला दूध-पोळी भरवायचो. बिस्किटांचे पुडे आणायचो. ती तोंड फिरवायची. मी दटावायचो, आणि एक-दोनदा हातही उगारला आहे.

एक गोष्ट माझ्यासमोर दर वर्षी घडत होती आणि मला ती दिसली नाही. बायकोचं माहेर म्हणजे अकोल्याहून बसनं तासाभरावरचं खेडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती लेकरांना घेऊन तिथं जायची. सासू एकटी राहायची, रोजानं कामाला जायची. तिच्याकडं गहू नव्हताच. भाकर, वरण, कण्या, ताक, एवढंच. दोन महिन्यांनी मी त्यांना आणायला जायचो तेव्हा मुलगी ओळखू येत नसे. गालांवर मांस आलेलं, पोट उतरलेलं, गल्लीतल्या पोरांमागं पळत असायची. बडनेऱ्याला आणलं की महिनाभरात पुन्हा तेच. आम्ही म्हणायचो, गावची हवा मानवते. आजी लाड करते म्हणून खाते.

ती सहा वर्षांची असताना, असाच आणायला गेलो होतो तर सासू म्हणाली, "जावईबापू, हिले इथंच राहू द्या. माह्यापाशी बरी राह्यते पोरगी."

मी म्हटलं, "कण्या-भाकरीवर वाढवू का तिले? मंग मी कमावतो कशाले? अन् शाळा?"

बायको पिशव्या भरत होती, तिनं वर पाहिलं नाही. निघताना मुलगी आजीच्या लुगड्याला धरून रडायला लागली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला कडेवर घेतलं आणि बस गाठली. दोन महिन्यांत अंग भरलेलं असूनही ती कडेवर जड लागत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात तिला जुलाब लागले ते थांबेनात. अकोल्यात माझा चुलतभाऊ राहायचा, त्याच्या ओळखीचे लहान मुलांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडं नेलं. चार दिवस सलाईन चालू होतं. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. सात वर्षं पुरी झाली होती तिला, आणि उंची चार वर्षांच्या मुलीएवढी. डॉक्टर चांगले होते, त्यांना जेवढं समजत होतं तेवढं त्यांनी केलं. या दुखण्याचं नाव तेव्हा आमच्या भागात कोणी घेत नव्हतं. आम्ही तिला सासूच्या गावी नेलं. विहारातल्या चार लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि नाल्याच्या काठी तिला मूठमाती दिली.

मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला बहीण आठवत नाही. तिचा एकच फोटो होता, तो बायकोनं कपाटात साड्यांखाली ठेवला. त्यानंतर आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलेनासे झालो. सासूही दोन वर्षांत गेली.

मुलगा मोठा झाला, पण अंगानं किरकोळच राहिला. दम लागायचा, तोंड यायचं, पोट बिघडायचं. शाळेत पोरं त्याला चिडवायची. पोलीस भरतीला दोनदा गेला, दोन्ही वेळा छाती कमी भरली म्हणून बाहेर काढला. मी त्याला म्हणायचो, खात जा नीट, दोन पोळ्या जास्त खा. शेवटी पंचविसाव्या वर्षी पुण्यात नोकरीवर चक्कर येऊन पडला. रक्त फार कमी निघालं. पुष्कळ तपासण्या झाल्या, पोटात दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून बघितला, आणि मग ते नाव समोर आलं. दवाखान्यातूनच त्यानं फोन केला.

"बाबा, गहू सोडा म्हणते डॉक्टर. जन्मभर. अन् ते विचारून राहिले, घरात आणखी कोणाले असं होतं का. ताईले काय झालं होतं?"

"जुलाब," मी म्हटलं.

"नुसते जुलाब?"

"हो. पावसाळा होता. साथ आली होती गावात."

साथबीथ काही आली नव्हती. ते मी तिथल्या तिथं जुळवलं. त्यानं गहू हा शब्द उच्चारला तेव्हाच मला सगळं समजलं होतं. सासूच्या दारातली ती मुलगी मला दिसली, आणि मी खोटं बोललो.

आई-वडिलांचंही रक्त तपासून घ्या, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही इथंच राजापेठेत तपासलं. दोघांचंही चांगलं निघालं. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो आणि तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं, आमच्या नात्यात एक मुलगी होती, तिचं असं-असं व्हायचं. माझी मुलगी असं मी म्हटलं नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर्णनावरून तर तेच वाटतं काका. आता नक्की कोणी सांगू शकणार नाही. पण गहू बंद झाला असता तर बहुतेक वाचली असती."

घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"आपलं दोघाईचं रक्त चांगलं हाय."

तिनं आणखी काही विचारलं नाही. पण त्या आठवड्यापासून आमच्या घरात पोळी झाली नाही. मुलगा असो नसो, रोज भाकर. मीही ती मुकाट्यानं खात आलो. नऊ वर्षं.

तर मुलगा आला. शनिवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरला आणि रिक्षा करून घरी. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. लेबल नव्हतं, कागदी पट्टीवर नुसते आकडे: एक, दोन, तीन. आईसमोरच त्यानं त्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी उभ्या केल्या.

"हे काय होय?" ती म्हणाली.

"बियर हाय आई. ज्वारीची."

"ज्वारीची?" तिनं एक बाटली उचलून उजेडात धरली, परत ठेवली आणि भाजी चिरायला बसली.

बारा वाजता आम्ही बैठकीत टेबलाशी बसलो. जेवणाआधीच घ्यायची, जीभ कोरी पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वाटीत साधे मुरमुरे आणि तांब्यात पाणी, बाकी काही नाही. त्यानं एक छापील कागद माझ्यापुढं ठेवला. रंग, फेस, वास, चव, मागची चव, असे रकाने होते आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क. मागची चव म्हणजे घोट गिळून झाल्यावर तोंडात जे राहतं ते, असं त्यानं समजावलं. मुलानं माझ्या पेल्यात ओतली आणि मग स्वतःच्या. आम्ही दोघं पहिल्यांदाच एकत्र पीत होतो. मी जरा खालीच बघत होतो.

एक नंबरची गढूळ होती, डाळीच्या कढणासारखी. फेस आला तसा बसला. मी वास घेतला, घोट घेतला आणि मला हसू आलं.

"आंबील हाय बाप्पा ही. उन्हाळ्यात वावरातून आल्यावर द्या कोणाले, दुवा देईन. पण बियर नाई."

तो पण हसला. "लिहा तसंच." मी चवीला चार दिले.

दोन नंबर दिसायला छान होती. स्वच्छ, पिवळी, वर बोटभर फेस. वास जवळपास नव्हताच. पहिल्या घोटाला वाटलं, ही जमली. पण गिळल्यावर घशापाशी काहीतरी खरखरलं आणि मागून एक वास नाकात चढला. मी पाणी प्यायलो, मुरमुरे खाल्ले, पुन्हा घोट घेतला. तोच वास.

"ज्वारी काळी होती याच्यातली," मी म्हटलं. "पाण्यात सापडलेली."

"नाई बाबा, चांगली घेतो आमी."

"इचार तुह्या मित्राले."

त्यानं तिथूनच फोन लावला. मित्र आधी नाही म्हणाला, मग थोड्या वेळानं त्याचाच उलटा फोन आला. त्या खेपेला एका व्यापाऱ्याकडून स्वस्तातला माल घेतला होता, दाण्यांवर काळे ठिपके होते खरे, पण ते धुतल्यावर जातील असं वाटलं होतं. मुलगा फोन ठेवून माझ्याकडं बघतच राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी त्याला विचारत सुटलो. ज्वारी भिजवता, मोड आणता, मग काय? ज्वारीचे कोवळे धांडे खाऊन ढोर मरते, मोडानं माणसाले काही होत नाई का? तो सांगत होता: मोड आले की दाणे वाळवायचे, मोड चोळून पार काढून टाकायचे, मग भाजायचे, मग उकळायचं. इतकं मोकळं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. आतून फोडणीचा वास येत होता. बाहेर क्लासमधून सुटलेल्या पोरांच्या गाड्यांचा गलका होता.

तीन नंबर त्यानं शेवटी ओतली. तांब्यासारखा रंग. फेस जाड, पण लवकर बसणारा. पेला नाकाशी नेला आणि मी थांबलो. तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीचा वास होता तो, कड थोडी करपलेल्या भाकरीचा. घोट घेतला. आधी कडू, चांगली कडू, बियर असते तशी. मग भाकरीचा घास खूप वेळ चावल्यावर जशी गोडी सुटते तशी गोडी.

आठ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. माझी मुलगी भाकरीची करपलेली कड तेवढी मोडून घ्यायची आणि आजीच्या ओट्यावर बसून चघळत राहायची. हे मी पाहिलं होतं आणि तीस-एकतीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मी पेला खाली ठेवला.

"किती बाबा?" मुलगा पेन घेऊन थांबला होता. "नाई आवडली?"

मी मान हलवली. कशी हलवली कोण जाणे. तेवढ्यात बायको आतून आली. पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "मले पाहू दे."

तिनं जन्मात कधी दारूच्या पेल्याला हात लावला नव्हता. मुलगा हसत म्हणाला, "घे ना आई." तिनं माझाच पेला उचलला, वास घेतला, एक लहान घोट घेतला, तोंडात धरला आणि गिळला.

"ज्वारीच हाय," ती म्हणाली. पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "पोरीले चालली असती."

"कोणत्या पोरीले?" मुलानं विचारलं.

"तुह्या बहिणीले. तिले ज्वारीच चाले. यायनं खाऊ नाई देल्ली."

ती ओरडली नाही. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती खुर्चीवर बसली आणि मुलाकडं बघून सांगायला लागली. आजीकडं मुलगी कशी बरी व्हायची, इथं आल्यावर कशी सुकायची, आजीनं ठेवून घेते म्हटलं तेव्हा मी काय बोललो, अगदी शब्दाला शब्द. मग म्हणाली, "हे ड्यूटीवर गेले की दुपारी मी तिले चोरून भाकर करून देत जाओ. तेवढी आवडीनं खाये. रात्री मंग यायच्यासमोर पोळी. मले समजे रे, पोळी खाल्ली का पोट बिघडते. बोलली नाई. भेव वाटे मले. मीबी तेवढीच गुन्हेगार हाओ."

हे चोरून भाकर देण्याचं मला ठाऊक नव्हतं.

मुलानं माझ्याकडं पाहिलं. "साथ होती म्हणाले होते तुमी."

"साथ नव्हती," मी म्हटलं. "मी खोटं बोललो."

"तुमाले तवाच समजलं होतं?"

"हो."

"डॉक्टर माह्यासमोर बसून होता बाबा. त्यानं विचारलं म्हणून मी फोन लावला." तो उठून उभा राहिला. "अन् तिच्यानंतर मले. पंचवीस वर्सं मले पोळ्या चारल्या तुमी. दोन पोळ्या जास्त खा म्हणत होते. घरात एक पोरगी त्यानंच मेली, अन् कोणी एकदा बोललं नाई?"

"तवा आमाले माहीत नव्हतं रे," मी म्हटलं.

"हिले माहीत होतं ना!" त्यानं आईकडं बोट केलं. तिनं तोंडाला पदर लावला. त्यानं पेन टेबलावर टाकलं. मग आत गेला आणि बॅग भरायला लागला. सोमवारी सकाळी जाणार होता, त्याच दिवशी चारच्या सुमाराला निघाला. आई जेव म्हणाली, तो जेवला नाही. तिनं भाकर आणि पिठलं डब्यात घालून दिलं, तो डबा मात्र घेतला. मी फाटकापर्यंत गेलो. तो डबा बॅगेत कोंबत रिक्षाकडं चालत गेला.

बाटल्या टेबलावर तशाच होत्या. तिसरी अर्धीअधिक भरलेली. बायकोनं तिन्ही मोरीत ओतल्या आणि धुऊन ठेवल्या. त्यानंतर आम्ही दोघं जेवलो. ती म्हणाली, "सांगाले पायजे होतं." कोणी, कोणाला, ते तिनं म्हटलं नाही. मी हो म्हटलं.

दीड महिना त्याचा मला फोन आला नाही. आईशी बोलायचा, दोन-तीन मिनिटं. मी शेजारी बसलेला असायचो. तो कागद माझ्या उशाशी पडून होता. पहिल्या दोन बाटल्यांचे रकाने भरलेले, तिसरीचे कोरे. एका दुपारी बसून मी ते भरले. त्यानं काम दिलं होतं, ते अर्धं राहिलं होतं. रंग आठ. फेस पाच, कारण लवकर बसतो. वास नऊ. चव आठ. मागची चव तेवढी लिहिता आली नाही. त्याच्या आईनं जे बोलून दाखवलं ते त्या घोटानंतर, आता ते वेगळं कसं काढायचं? कागदाचा फोटो काढून मी त्याला मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, तुझ्या डॉक्टरांना सांगायची गोष्ट मी लपवली, त्याला माफी नाही. त्यानं ते वाचलं असं दिसत होतं. उत्तर आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी फोन आला.

"मागच्या चवीचे मार्क नाई देल्ले तुमी."

"ते मले जमणार नाई."

"बरं." मग म्हणाला, "तिले कुठं पुरलं होतं?"

मी गाव सांगितलं.

मार्चमध्ये तो आला आणि आम्ही तिघं अकोल्याला गेलो, तिथून बसनं त्या गावाला. सासूचं घर आता दुसऱ्या कोणाचं आहे. नाल्याकडं गेलो तर ओळखीचं काही राहिलेलं नव्हतं. नाला खोल आणि सरळ केला होता, दोन्ही काठ मशीननं तासलेले, माती उपसून लांबवर नेलेली. तिथं एक बाभूळ होती असं मी म्हणत होतो, बायको म्हणत होती दोन होत्या. एकही नव्हती. पाण्याला आलेल्या एका म्हातारीला बायकोनं विचारलं, तिला काही सांगता आलं नाही. आम्ही काठाकाठानं ऊन चढेपर्यंत फिरलो. शेवटी मुलगाच म्हणाला, "चाल आई, आता राहू दे." तिनं पिशवीतून अगरबत्ती काढली होती. ती कुठं लावावी ते तिला कळेना, तिनं ती तशीच पिशवीत ठेवली.

तीन नंबरची बियर आता कारखान्यात बनते. फेसाचं काहीतरी केलं, असं तो म्हणाला. पुण्यात खपते म्हणे, थोडीफार. मला त्यानं ती पुन्हा आणून दिली नाही आणि मीही मागितली नाही. महिन्याची ती अर्धी बाटलीही मी सोडली. सहकाऱ्याला पोटाचं कारण सांगितलं.

मुलगा माझ्याशी बोलतो. औषधं घेतली का विचारतो. पण त्या दिवशी दोन नंबरच्या बाटलीवर आम्ही जसं बोललो होतो तसं पुन्हा झालं नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. मार्चमध्ये त्या गावाहून अकोल्याला परत येताना बसमध्ये तो आईशेजारी बसला. मला मागची जागा मिळाली. ती त्याला मुलीबद्दल सांगत होती, कशी बोलायची, कशाला घाबरायची. गाडीच्या आवाजात मला अर्धंच ऐकू येत होतं. मी पुढं वाकून बसलो होतो.